मोतीबिंदूनंतर तक्ता नीट वाचतात, पण येणाऱ्या गाडीचा अंदाज चुकतो: डोळ्यांचा दोष की मेंदूचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, राहणं नाशिकच्या इंदिरानगरला. तीन महिन्यांपूर्वी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्यातला मोतीबिंदू अजून तसाच आहे. डोळे तपासायच्या तक्त्यावर डाव्या डोळ्याने ६/६ (म्हणजे नजर पूर्ण) आणि उजव्याने ६/१२ (साधारण निम्मी) वाचतात. तरीही संध्याकाळी रस्ता ओलांडताना दोनदा थोडक्यात वाचले आणि दोन्ही वेळा म्हणाले, "गाडी लांब होती, एकदम अंगावर आली." चहा ओततानाही हल्ली कपाबाहेर सांडतो. डोळे ठीक आहेत असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही शोधाशोध केलीत, तेव्हा 'हालचाल न दिसण्याचा' मेंदूचा एक आजार वाचनात आला. आता एमआरआय करावा का, स्कूटर बंद करावी का, असं विचारताय.

स्कूटरचं आधी सांगते, कारण ते कशावरही अवलंबून नाही. पुढच्या तपासण्या होऊन कारण कळेपर्यंत स्कूटर बंद. सूर्य मावळल्यावर तर नक्कीच. एमआरआयचं उत्तर मात्र वडील काय सांगतात यावर ठरेल, म्हणून त्यावर सावकाश येऊ.

खरा प्रश्न 'डोळे ठीक की बिघडलेले' हा नाही. तक्ता स्थिर असतो, पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात, दिवा भरपूर असतो आणि एका वेळी एकच डोळा वापरायचा असतो. मुंबई नाक्याजवळ संध्याकाळी सात वाजता यातलं काहीच नसतं. तिथे करड्या रस्त्यावर करडी गाडी असते, उजेड उतरलेला असतो, दोन्ही डोळे एकत्र चालत असतात आणि समोरची प्रत्येक गोष्ट जागा बदलत असते. अक्षर ओळखणं आणि वेग कळणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. तक्त्याने पहिलंच मोजलं.

तपासणीला जाण्याआधी वडिलांना शांतपणे बसवून दोन गोष्टी विचारा. पहिली: गाडी आधीपासून दिसत होती आणि अंतर चुकलं, की गाडी दिसतच नव्हती आणि अचानक उगवली? माणसं दोन्हीला "एकदम आली" असंच म्हणतात, पण कारणं पूर्ण वेगळी असतात. नव्हतीच आणि उगवली असेल तर संशय नजरेच्या घेऱ्यावर जातो. काचबिंदूत किंवा मेंदूच्या मागच्या भागात रक्तपुरवठा कमी पडल्यावर नजरेचा एक तुकडा गळतो. तिथे काळं काही दिसत नाही, तिथलं जग नुसतं गैरहजर असतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. दुसरी गोष्ट: दोन्ही प्रसंगी गाडी कुठल्या बाजूने आली? हे का विचारायचं ते पुढे येईल.

घेऱ्याची ढोबळ चाचणी घरी होते. समोरासमोर एक मीटरवर बसा. त्यांनी डावा डोळा झाकायचा, तुम्ही उजवा. त्यांनी तुमच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचं. तुम्ही दोघांच्या मधोमध, चारही कोपऱ्यांत, एक-दोन बोटं दाखवून किती ते विचारायचं. मग डोळे बदला. तुम्हाला दिसलेली बोटं त्यांना एखाद्या कोपऱ्यात सतत दिसली नाहीत, तर यंत्रावरची फील्ड टेस्ट लवकर करून घ्या. इथे सगळं बरोबर आलं तरी फील्ड टेस्ट टाळू नका, कारण बोटांनी लहान भोकं सापडत नाहीत.

आता गृहीत धरते की गाडी दिसत होती आणि अंदाजच चुकला. हे समजायला मेंदू गती कशी ओळखतो ते थोडं बघावं लागेल.

डोळ्याच्या पडद्यावर वेग नावाची गोष्ट उमटत नाही. तिथे फक्त या क्षणी कुठल्या ठिपक्यावर किती उजेड आहे एवढंच असतं. वेग मेंदू हिशेबाने काढतो. १९५६ मध्ये हासेनश्टाइन आणि रायशार्ट या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी एका भुंग्यावर काम करून त्या हिशेबाची साधी मांडणी दिली. शेजारशेजारचे दोन ठिपके घ्या, 'अ' आणि 'ब'. 'अ'कडून येणारा संदेश मुद्दाम थोडा रेंगाळवायचा, 'ब'चा सरळ पाठवायचा. वस्तू 'अ'वरून 'ब'कडे योग्य वेगाने गेली तर दोन्ही संदेश एकाच क्षणी पोचतात आणि पुढची पेशी पेटते. उलट्या दिशेने गेली तर संदेश एकमेकांना चुकतात आणि पेशी गप्प राहते. १९६५ मध्ये बार्लो आणि लेव्हिक यांनी सशाच्या डोळ्याच्या पडद्यात दिशा ओळखणाऱ्या पेशींचं काम कसं चालतं ते दाखवलं. माणसात हे काम मुख्यतः डोक्याच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्रात आणि तिथून पुढे, कानाच्या वर थोडं मागे असलेल्या एका छोट्या पट्ट्यात होतं. त्याला एमटी किंवा व्ही-फाइव्ह म्हणतात.

यातला 'रेंगाळवायचा' हा शब्द लक्षात ठेवा. गतीचा सगळा हिशेब वेळेतल्या काही हजारांश सेकंदांच्या फरकावर उभा आहे. त्या वेळा बिघडल्या की अक्षरं स्वच्छ दिसूनही गती चुकते.

गतीचं खातं वेगळं असतं याची खात्री कोणालाही नाशकातच करून घेता येईल. ऑगस्टमध्ये सोमेश्वरच्या धबधब्याला पाणी असतं तेव्हा पडत्या पाण्याच्या एकाच जागेवर मिनिटभर नजर लावा आणि मग शेजारच्या कोरड्या खडकाकडे बघा. खडक वर सरकताना दिसतो, पण तो वर जात नाही. जागा तीच, तरी हालचाल जाणवते! रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याजवळ हेच टिपून ठेवलं. खाली जाणारी गती ओळखणाऱ्या पेशी थकतात, वर जाणारी ओळखणाऱ्यांचं पारडं जड होतं आणि मेंदू 'वर' असा निकाल देतो. जागा सांगणाऱ्या पेशींचा या निकालात हात नसतो, म्हणून खडक एकाच वेळी हलतो आणि जागच्या जागी राहतो.

तुम्ही ज्या आजाराबद्दल वाचलंत, त्याची सर्वांत प्रसिद्ध नोंद योसेफ त्सिल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केली. ४३ वर्षांच्या एका बाईंच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग निकामी झाला. कपात ओतलेला चहा त्यांना गोठल्यासारखा दिसायचा, पातळी चढताना कळायची नाही. गाडी लांब दिसायची आणि पाऊल टाकेपर्यंत एकदम जवळ असायची. वडिलांच्या तोंडचं वाक्य जवळजवळ हेच आहे. चहासुद्धा जुळतो. तुम्ही घाबरलात यात नवल नाही. पण त्या बाईंना खोलीत चालणारी माणसंही मध्येच एकीकडे, मध्येच दुसरीकडे दिसायची, दिवसाउजेडी, दोन्ही डोळ्यांनी. दोन्ही बाजूंना एकाच जागी इजा व्हावी लागते, म्हणून हा आजार अत्यंत विरळा आहे. वडिलांचं बिनसतं ते संध्याकाळी, रस्त्यावर आणि एका डोळ्याच्या ऑपरेशननंतर. या तीन गोष्टी दुसरीकडे बोट दाखवतात.

खात्रीसाठी एक करा. दिवसा, खिडकीच्या उजेडात, एकेक डोळा झाकून त्यांना नळाची धार, बादलीत चढणारं पाणी आणि खोलीत चालणारं माणूस बघायला सांगा. सलग हलताना दिसलं तर हा आजार मनातून काढून टाका. ही चाचणी ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली फिरणाऱ्या पंख्यावर करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यात धडधाकट माणसालाही पाती अडखळताना किंवा उलटी फिरताना दिसतात.

आता रस्ता. इथे एक भाग असा आहे जो तुमच्या वडिलांनाच नाही, तुम्हा-आम्हा सगळ्यांना लागू होतो, आणि तोच सर्वांत कमी माहीत असतो. आडवी जाणारी गाडी हलताना सहज दिसते. जी सरळ आपल्या दिशेने येते ती पडद्यावर बाजूला सरकतच नाही, फक्त मोठी होत जाते. म्हणजे जी गाडी अंगावर येणार, नेमकी तिचीच हालचाल सर्वांत कमी दिसते. ती येतेय हे कळायचा मुख्य मार्ग तिच्या फुगण्याचा वेग. प्रयोगांत हा वेग सेकंदाला साधारण ०.१७ अंशाच्या वर गेला की लोकांना तो जाणवतो. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी अर्धा अंश असते. तिचा तिसरा हिस्सा दर सेकंदाला वाढला पाहिजे, एवढं ते माप. वयाने आणि अंधाराने हा उंबरठा आणखी वर जातो.

त्यावरून गणित करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. अडीच मीटर रुंदीचा ट्रक या वेगाने येत असेल तर तो फुगताना सुमारे ११८ मीटरवरून जाणवतो, म्हणजे हाताशी ७ सेकंद राहतात. मोटरसायकल हँडलपाशी ८० सेंटीमीटर धरली, तर ती ६७ मीटरवर आल्यावरच जाणवते आणि ४ सेकंद उरतात. अंधारात फक्त १५ सेंटीमीटरचा हेडलाइट दिसत असेल तर २९ मीटर. पावणेदोन सेकंदही मिळत नाहीत. आता ७ मीटरचा रस्ता सेकंदाला एक मीटर चालीने ओलांडायला ७ सेकंद लागतात. म्हणजे पाऊल टाकायच्या क्षणी मोटरसायकल चार सेकंदांहून लांब असेल, तर तिचा वेग वडिलांच्या मेंदूला कळणं शक्यच नव्हतं. "लांब होती" हे त्यांना खरंच तसं दिसलं. ते चुकीचं बघत नव्हते, हे त्यांना जरूर सांगा. दोन प्रसंगांनंतर माणूस स्वतःवरचा विश्वास गमावतो आणि ओलांडताना मध्येच थबकतो, ते जास्त धोक्याचं.

यावर संध्याकाळची भर पडते. कॉन्ट्रास्ट, म्हणजे वस्तू आणि तिच्या मागचं यांतला उजेडाचा फरक, कमी झाला की तीच गती हळू भासते, हे पीटर थॉम्पसन यांनी १९८२ मध्ये दाखवलं. कारणाबद्दल मला सर्वांत पटणारी मांडणी अशी: जगातल्या बहुतेक वस्तू स्थिर किंवा मंद असतात हे मेंदू धरून चालतो. पुरावा भक्कम असला की तो पुराव्याचं ऐकतो. पुरावा फिका पडला की आपल्या गृहीताकडे झुकतो आणि वेग कमी धरतो. मोतीबिंदू उजेड अडवतो त्यापेक्षा जास्त विखुरतो, म्हणजे कॉन्ट्रास्टच खातो. करडी गाडी, ओला रस्ता, डिसेंबरातलं गोदाकाठचं धुकं, सगळं एकाच दिशेला ढकलतं.

पण वडिलांच्या बाबतीत माझा खरा संशय आणखी एका गोष्टीवर आहे: दोन डोळ्यांचे संदेश एका वेळी पोचत नसावेत.

उजेड आणि कॉन्ट्रास्ट कमी असला की पडदा संदेश उशिरा पाठवतो. एका डोळ्यापुढे उजेड दहापट कमी करणारी काच धरली तर त्या डोळ्याचा संदेश साधारण १० मिलिसेकंद मागे पडतो. मंद उजेडात हा फरक वाढतो. वस्तू स्थिर असेल तर काहीच बिघडत नाही, म्हणून तक्त्यावर हे कधी सापडणार नाही. पण वस्तू आडवी जात असेल तर मागे पडलेला डोळा तिला ती आधी जिथे होती तिथे बघतो. दोन डोळ्यांना दोन जागा दिसतात, आणि दोन डोळ्यांतला जागेचा फरक म्हणजे खोली, असाच मेंदूचा नियम असल्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा जवळ किंवा लांब भासते. याला पुलफ्रिख परिणाम म्हणतात. कार्ल पुलफ्रिख यांनी तो १९२२ मध्ये मांडला. ते स्वतः एका डोळ्याने आंधळे होते, त्यामुळे ज्याला त्यांचं नाव मिळालं ते त्यांना कधी दिसू शकलं नाही.

किती फरक पडतो? पाच किलोमीटरच्या चालीने जाणारा माणूस १० मिलिसेकंदांत १.४ सेंटीमीटर पुढे जातो. डोळ्यांमधलं अंतर ६.३ सेंटीमीटर धरलं, तर तीन मीटरवरून आडवा जाणारा तो माणूस एका दिशेने जाताना ३.९ मीटरवर भासेल आणि उलट दिशेने जाताना अडीच मीटरच्या आत. हे नुसतं भूमितीचं गणित झालं. प्रत्यक्षात सावल्या, आकार, रस्त्याच्या रेषा मेंदूला सावरतात, म्हणून फरक इतका टोकाचा वाटत नाही. वेगवान गाडीच्या बाबतीत तर दोन चित्रं इतकी दूर पडतात की मेंदू ती नीट जोडूच शकत नाही. तेव्हा खोली धड कळत नाही, नुसता गोंधळ उडतो.

आता दिशेचा मुद्दा. मागे पडणारा डोळा उजवा असेल तर उजवीकडून डावीकडे जाणारी वस्तू लांब भासते आणि डावीकडून उजवीकडे जाणारी जवळ. आपल्याकडे वाहनं डाव्या हाताने चालतात, म्हणून कडेला उभं राहिलं की पहिल्या अर्ध्या रस्त्यावरची वाहतूक उजवीकडूनच येते. वडिलांचा मोतीबिंदूही उजव्याच डोळ्यात आहे. दोन्ही प्रसंगी गाडी उजवीकडून आली असेल तर माझा संशय बळावतो. दुभाजकाच्या पलीकडे, डावीकडून आली असेल तर तो दुबळा होतो आणि फुगण्याचं गणित व कमी कॉन्ट्रास्ट एवढंच कारण पुरतं.

हे घरी तपासता येतं, खर्च शून्य. गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला अर्ध्या मीटरच्या अंतरावर दोन दोरे बांधा आणि त्यांची खालची टोकं एकत्र आणून इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार करा. टोकाला एखादा मोठा नट किंवा जुनं कुलूप अडकवा. दांडीपासून वजनापर्यंत साधारण एक मीटर उंची असू द्या. दोन दोरे अशासाठी की एका दोऱ्यावरचं वजन आपोआप गोल फिरायला लागतं आणि मग चाचणी फसते. वडिलांना दांडीच्या टोकाकडे, दांडीच्या रेषेत, वजनापासून दोन मीटरवर खुर्चीत बसवा. वजन त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला ३०-३० सेंटीमीटर झुलवा. स्थिर वजनाच्या बरोबर खाली, स्टुलावर, एक उभी बाटली ठेवा, वजन तिला न लागता वरून जाईल अशी. मागे शक्यतो साधी भिंत असावी.

आधी स्वतः खुर्चीत बसा. काळ्या गॉगलची एक काच उजव्या डोळ्यासमोर धरा, दोन्ही डोळे उघडे ठेवा, नजर बाटलीवर ठेवा. क्षणभरात वजन सरळ रेषेत जायचं सोडून लंबगोलात फिरायला लागेल. काय शोधायचं ते कळलं की वडिलांना बसवा. चष्मा लावलेला, गॉगल नाही, दोन्ही डोळे उघडे. त्यांना एकच विचारा: वजन बाटलीच्या पुढून जातंय, मागून जातंय, की बरोबर वरून? सूचक प्रश्न नकोत. लंबगोल दिसला तर एक डोळा झाका. तो लगेच सरळ झाला पाहिजे. नाही झाला, तर वजनच तिरकं झुलतंय, पुन्हा सोडा. ही चाचणी किती नाजूक आहे बघा: दोन डोळ्यांत ५ मिलिसेकंदांचा फरक असला तरी या मापांनी लंबगोलाची खोली ३० सेंटीमीटरच्या घरात येते. आधी दिवसाच्या भरपूर उजेडात करा, मग संध्याकाळच्या उजेडात.

उजवा डोळा मागे असेल तर उजवीकडून डावीकडे जाताना वजन बाटलीच्या मागून गेल्यासारखं दिसेल. ताळा म्हणून चांगल्या, म्हणजे डाव्या डोळ्यापुढे फिकट गॉगलची काच धरा. दोन्ही डोळे सारखेच मागे आले की लंबगोल चपटा होतो. झाला तर निदान जवळजवळ पक्कं.

इथे दोन अडचणी येतात. दोन्ही डोळे मिळून खोली बघायची शक्तीच ज्यांच्यात नाही, लहानपणीचा तिरळेपणा किंवा आळशी डोळा असेल, त्यांना लंबगोल दिसणारच नाही. त्यावरून 'फरक नाही' असा निष्कर्ष काढू नका. दुसरी बारीक पण महत्त्वाची. नुसत्या अस्पष्टपणाने संदेश उशिरा नव्हे, किंचित लवकर पोचतो, असं २०१९ मध्ये बर्ज आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात आढळलं. कधीकधी एक डोळा लांबचं आणि दुसरा जवळचं बघेल अशा लेन्स मुद्दाम बसवतात. तसं केलं असेल तर उलट दिशेचा फरक दिसू शकतो. म्हणून कुठला डोळा मागे हे कागदावरून ठरवू नका, दोऱ्यावरून ठरवा. ऑपरेशनच्या कागदात लेन्सचा नंबर कशासाठी निवडला होता तेही बघून ठेवा.

चहाचं कारण मला जास्त साधं वाटतं. ऑपरेशननंतर डाव्या डोळ्याचा नंबर बदलला. चष्मा जुनाच आहे का? तसं असेल तर डावीकडची काच आता चुकीची आहे. नवा असेल आणि दोन काचांत तीन नंबरांहून जास्त फरक असेल, तर दोन डोळ्यांना चित्रं लहानमोठी दिसतात, नंबरामागे ढोबळ एक टक्का. त्याने जवळचं अंतर चुकतं. शिवाय दुधाचा चहा आणि पांढरा कप म्हणजे फिक्यावर फिकं, कडाच दिसत नाही. गडद निळा किंवा तपकिरी कप घ्या, भांड्याची चोच कपाच्या कडेला टेकवून ओतायला सांगा. आठवडाभरात सांडणं थांबलं तर त्या लक्षणाची काळजी मिटली.

नेत्रतज्ज्ञांकडे पुन्हा जाल तेव्हा "डोळे तपासा" म्हणू नका, पुन्हा तक्ताच दाखवतील. सांगा की स्थिर वस्तू नीट दिसते, हलत्या वस्तूचं अंतर चुकतं, संध्याकाळी जास्त, आणि दोऱ्याच्या चाचणीत असं आलं. मग या गोष्टी मागून घ्या: दोन्ही डोळ्यांचा नवा नंबर, कॉन्ट्रास्टचा तक्ता, फील्ड टेस्ट, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर हलवून बाहुल्यांची तपासणी, आणि पडद्याचं ओसीटी, म्हणजे त्याच्या थरांचं स्कॅन. डाव्या डोळ्यात बसवलेल्या लेन्समागच्या पातळ आवरणावर धूसरपणा येतोय का तेही बघायला सांगा. तो लेझरने काही मिनिटांत निघतो. टॉर्चच्या तपासणीत एका डोळ्यावर उजेड टाकल्यावर बाहुल्या कमी आकसल्या तर दोष मोतीबिंदूचा नसून डोळ्याच्या नसेचा असू शकतो. मग व्हीईपी (डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) आणि पुढच्या तपासण्या लागतात. मोतीबिंदू कितीही पिकला तरी एकट्याने त्याच डोळ्यात ते होत नाही, म्हणून ही दोन मिनिटांची तपासणी सोडू नये.

सगळं मोतीबिंदूकडेच आलं तर इलाज दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन. "६/१२ आहे, थांबू" असं ऐकायला मिळेल. पण ऑपरेशन कधी करायचं हे तक्त्यावरच्या ओळीवर एकट्यावर ठरत नाही, रोजच्या कामात किती अडतं यावर ठरतं, आणि रस्ता ओलांडता न येणं हा अडथळाच आहे. पडद्याची तब्येत, साखर, आधीची औषधं यांवर वेळ मागेपुढे होईल, तो निर्णय सर्जनचा. तोपर्यंत डाव्या डोळ्यापुढे फिकट करडी काच लावून दिवसा फरक पडतो का ते बघता येईल. संध्याकाळी मात्र नको, तेव्हा उजेडाची आधीच टंचाई असते.

एमआरआय कधी? फील्ड टेस्टमध्ये दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेलेली निघाली तर. दिवसाउजेडी एकेका डोळ्यानेही हालचाल तुटक दिसली तर. टेबलावरची समोरची वस्तू सापडत नसेल, वाचताना ओळ सुटत असेल, एका वेळी एकच गोष्ट दिसत असेल आणि हे महिनोन्महिने वाढत असेल तर. या तिन्हींत न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि दिसण्यातला बिघाड एका क्षणी सुरू झाला, सोबत तोंड वाकडं, बोलणं जड, हातपाय लुळा, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची वेळ सहसा पहिल्या साडेचार तासांचीच असते. यातलं काहीच नसेल तर आज एमआरआयने तुम्हाला काही मिळणार नाही.

ऑपरेशन होईपर्यंत रस्ता कसा ओलांडायचा हे त्यांना एकदा सोबत जाऊन शिकवा. चालता चालता अंदाज घ्यायचा नाही. स्वतः चालत असताना आपल्या चालीने सरकणारं सगळं चित्र मेंदूला वजा करावं लागतं. पूर्ण थांबलं की ते काम वाचतं. उजवीकडे बघून तिथे नजर एक-दोन सेकंद टेकवायची, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. नजर भर्रकन फिरत असते तेव्हाचं चित्र मेंदू दाबून टाकतो, म्हणून मान नुसती हलवली तर बघितल्यासारखं वाटतं, दिसत काही नाही. वेगाचा अंदाज करूच नये, वेळ मोजावी. उजवीकडचा एखादा लांबचा खांब धरायचा आणि दोन-चार गाड्यांना तिथून आपल्यापाशी यायला किती सेकंद लागतात ते "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायचं. आठ सेकंद लागतील इतका लांबचा खांब निवडायचा. त्या खांबाच्या अलीकडे काहीच नसेल तरच पाऊल टाकायचं. दुचाकी लांब 'वाटली' तरी खांबाच्या अलीकडे असेल तर थांबायचं. दुभाजक असेल तर अर्धा रस्ता, मग पुन्हा तोच हिशेब डावीकडे. संध्याकाळी फक्त सिग्नलवर, आणि अंगात पांढरा किंवा पिवळा शर्ट, कारण गाडीवाल्याचा मेंदूही त्याच नियमांनी चालतो.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, की दोरे पुन्हा बांधा. वजन बाटलीवरून सरळ गेलं पाहिजे. तेव्हाही लंबगोल दिसला तर कारण लेन्समध्ये नाही, नसेत किंवा पडद्यात शोधावं लागेल, आणि राहिलेली व्हीईपी तेव्हा करून घ्या.